मुलांच्या मानसिक आजारांची जनुकीय चाचणी: कुणाची करावी, कुणाची करू नये

खाडीकाठ

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक जाहिरात फिरते आहे. मुलाची लाळ नळीत घ्या, कुरियरने पाठवा, अहवाल घरी येईल. नैराश्य, एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलता), स्किझोफ्रेनिया, व्यसन, प्रत्येकासमोर हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशा पुष्कळ आहेत. त्याच गटांत अशीही घरं आहेत जिथे मुलाला ऑटिझम आहे आणि डॉक्टरांनी रीतसर जनुकीय तपासणी लिहून दिली आहे. लोकांच्या डोक्यात ही जाहिरात आणि ती चिठ्ठी एकच झाली आहे. एक म्हणतो सगळं थोतांड, दुसरा म्हणतो सगळंच करून टाकू. जाणकारांनी जरा सोडवून सांगा: कोणती चाचणी कशासाठी, मुलाला विचारायचं की नाही, आणि अहवाल कुणाकुणाला दाखवायचा?

गुणसूत्र

दोन्ही वेगळ्या चाचण्या आहेत, नाव तेवढं एक.

एक निदानाची. मुलाला आज काही त्रास आहे (बोलणं उशिरा, बुद्धीची वाढ मंद, ऑटिझम, फिट्स) आणि त्याचं मूळ एखाद्या मोठ्या बदलात आहे का ते बघायचं. गुणसूत्राचा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला, नाहीतर एकच जनुक बिघडलेलं. सापडलं तर उत्तर बऱ्यापैकी ठाम असतं आणि पुढच्या उपचारात त्याचा उपयोग होतो.

दुसरी जोखमीच्या बेरजेची, पॉलिजेनिक स्कोअर म्हणतात ती. हजारो जागांवरचे बारीक फरक, प्रत्येकाचा वाटा नगण्य, सगळ्यांची बेरीज करून एक आकडा. जाहिरातीतला लाल ठिपका बहुधा या बेरजेतून आलेला असतो. काही पाकिटांत तर बेरीजही नसते, दोनचार जनुकं बघून ठिपका लावलेला असतो, ते आणखी वाईट.

त्या लाल ठिपक्याचा हिशोब मांडून बघा. आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक. १००० मुलं घेतली तर १० जणांना होईल. समजा, स्कोअरमधल्या वरच्या १० टक्क्यांची जोखीम तिप्पट आहे. म्हणजे लाल ठिपक्याची १०० मुलं, त्यांतली ३ पुढे आजारी पडतील, ९७ पडणार नाहीत. आणि उरलेले ७ रुग्ण ज्या ९०० मुलांमधून येतील त्यांच्या आईबापांना 'काळजी नको' असं कळवलेलं असेल. निरोगी मुलाच्या बाबतीत या आकड्यावर करण्यासारखं काहीच नाही. प्रतिबंधाची गोळी नाही. पुरेशी झोप, गांजापासून दूर राहणं, शाळेतला छळ थांबवणं हे हिरव्या ठिपक्याच्या मुलालाही तितकंच लागतं.

आणखी एक गोम. हे स्कोअर ज्या अभ्यासांवर उभे आहेत त्यांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत असे सहभागी सुमारे ७९ टक्के होते, आणि उंची, वजन, रक्तातले घटक अशा १७ गुणांवर ताडून बघितलं तेव्हा दक्षिण आशियाई लोकांत अचूकता सरासरी ३७ टक्क्यांनी घसरली होती. आपल्याकडे भारतीयांचे जीनोम वाचणारे जीनोमइंडियासारखे प्रकल्प आता दहा हजारांच्या घरात पोचलेत, पण ती सर्वसाधारण लोकसंख्येची नोंद आहे. देवगडच्या मुलाला युरोपातल्या सरासरीवर बसवून लाल-हिरवा ठरवणं म्हणजे दुसऱ्याच बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून होडी लोटणं.

तांबडी माती

पण सर, स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक असतो असं सगळीकडे वाचतो. मग जनुकं बघून कळत कसं नाही? हे पटत नाही.

गुणसूत्र

८० टक्के हा आकडा जुळ्यांच्या अभ्यासांतून आला आहे आणि तो एका समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे. 'अमक्याला होण्याची शक्यता ८० टक्के' असा त्याचा अर्थ होत नाही. एकसारख्या जुळ्यांत एकाला आजार असला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण ४० ते ५० टक्के. जनुकं तीच, तरी निम्मे सुटतात.

२०२२ मध्ये स्किझोफ्रेनियाचा तोवरचा सर्वांत मोठा अभ्यास आला, ७६ हजारांवर रुग्ण, आजाराशी जोडलेल्या जीनोममधल्या २८७ जागा. त्यातून बनवलेला स्कोअर आजाराच्या एकूण प्रवृत्तीतला फक्त सात टक्क्यांच्या आसपास फरक समजावतो. एडीएचडीचा त्याहून कमी, ऑटिझमचा आणखी कमी.

घराण्याचा इतिहास फुकट मिळतो आणि जास्त सांगतो. आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाची जोखीम साधारण शंभरात दहा, दोघांना असेल तर चाळिसाच्या आसपास. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्याला होण्याचं प्रमाण पाचात एक. जनुकीय समुपदेशक आधी कागदावर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतो, तो याचसाठी. त्यात फक्त 'वेड' विचारून भागत नाही. लहानपणी गेलेली मुलं, फिट्स, हृदयाची शस्त्रक्रिया, 'देवाला सोडलेला' किंवा 'बाधा झालेली' म्हणून सांगितलेला चुलता, घर सोडून गेलेला आजा, नात्यात झालेली लग्नं, हे सगळं नीट विचारून काढावं लागतं.

बालवाढ

मी निदानाच्या बाजूचं लिहिते.

मुलाला ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा वाढीतला ठळक उशीर असेल तर मायक्रोॲरे (गुणसूत्राचे गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे शोधणारी) ही पहिल्या फळीची चाचणी, २०१० पासूनची शिफारस आहे. वाढीच्या अडचणी असलेल्या मुलांत १५ ते २० टक्क्यांना त्यात उत्तर मिळतं. नाही मिळालं तर एक्झोम (जनुकांचे प्रथिनं घडवणारे भाग वाचणारी चाचणी), आणि हल्ली काही ठिकाणी सरळ एक्झोमपासूनच सुरुवात करतात. नुसती एडीएचडी आहे, बुद्धी वयाप्रमाणे, चेहऱ्यात-हृदयात काही नाही, घराण्यात काही नाही, अशा मुलाला यातलं काहीही लागत नाही. सरसकट चिठ्ठी लिहिणाऱ्यांना 'याने उपचार काय बदलेल?' हा प्रश्न जरूर विचारा.

फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक बौद्धिक अक्षमतेच्या आजाराची चाचणी वेगळी सांगावी लागते. त्यातला दोष म्हणजे सीजीजी हा तुकडा २०० पेक्षा जास्त वेळा पुन्हापुन्हा आलेला असणं, आणि हे मायक्रोॲरेत दिसत नाही, नेहमीच्या एक्झोममध्येही निसटतं. 'सगळी जनुकं तपासली, काही नाही' असं ऐकून घरी आलेल्या मुलाची ही चाचणी झालेलीच नसते, असं होतं. तुकडा ५५ ते २०० वेळा आलेल्या लोकांना बौद्धिक अक्षमता सहसा नसते, पण त्या बायकांची पाळी लवकर जाऊ शकते आणि उतारवयातल्या पुरुषांना कंप आणि तोल जाण्याचा आजार होऊ शकतो. म्हणजे अहवाल नातवाचा आणि त्यात बातमी आजोबांची. मुलग्यात हा आजार आईकडूनच येतो, तेव्हा सासरी बोल कुणाला लागणार ते सांगायला नको. आईकडे तो तिच्या वडिलांकडून आलेला असू शकतो, आणि वडील धडधाकट असतात. हे रक्त घेण्याआधी आई-बाबा दोघांना एकत्र बसवून सांगावं, अहवाल आल्यावर नाही.

किशोरवयात एक आजार मात्र शोधलाच पाहिजे: विल्सन. शाळेत हुशार असलेला मुलगा आठवी-नववीत अचानक घसरतो, चिडतो, अक्षर बिघडतं, हात कापतो, लाळ गळते. घरचे आधी अंगारा-धुपारा करतात, मग 'वयच तसं' म्हणून सोडून देतात. शरीरात तांबं साठत असतं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिन (बहुधा डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली), २४ तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर बुबुळाच्या कडेचं कडं, आणि मग एटीपी७बी जनुक. प्रत्येक सख्ख्या भावंडाला आजार असण्याची शक्यता चारात एक. इथे निरोगी दिसणाऱ्या भावंडाचीही चाचणी करायचीच, कारण झिंक किंवा पेनिसिलामाइन वेळेवर सुरू केलं तर आजार उमटतच नाही. उपाय हातात असला की निरोगी मुलाला तपासणं योग्य ठरतं, हे त्याचं उदाहरण.

खर्चाचं: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात. शाळा-अंगणवाडीतल्या पथकाकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव घालून घ्या आणि तिथून पुढे संदर्भपत्र घेऊन जा. परस्पर खासगी लॅबमध्ये जाण्याआधी हा दरवाजा वाजवावा.

पाटवाडी

तां सगळां बरोबर, पण गावात गोष्ट लपता खंय? कुरियरवालो पाकीट दुकानात ठेवता, दुकानदार वाचता, सांजेपर्यंत वाडीभर. पुढे चेडवाचां स्थळ इलां की पयलो प्रश्न तोच. चाचणी कशी करतत तां लॅब बघतली, कागद खंय ठेवायचो तां सांगा.

कलमबाग

पाटवाडींचा मुद्दा पोटतिडकीचा आहे आणि कायद्याकडे त्याचं उत्तर अर्धंच आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ उपचारांबाबतच्या माहितीला गुप्ततेचं संरक्षण देतं आणि कलम २१ मानसिक आजाराला विम्यात इतर आजारांच्या बरोबरीने बसवतं. पण फक्त जनुकीय माहितीसाठी, अमेरिकेत २००८ साली झाला तसा, भेदभावाविरुद्धचा कायदा आपल्याकडे नाही. मार्च २०१८ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने आरोग्यविमा कंपन्यांना कळवलं की 'जनुकीय विकार' या अपवादाखाली दावे नाकारू नका आणि नव्या पॉलिसीत ते कलम घालू नका. ते आरोग्यविम्यापुरतं. आयुर्विम्याच्या अर्जात घराण्याचे आजार विचारतात.

लाळेची नळी पाठवताना ज्या अर्जावर सही करता त्यात 'संशोधनासाठी वापर' आणि 'भागीदारांना देणं' असे रकाने असतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती घेण्याची आणि माहिती पुसून टाकायची मागणी करण्याची तरतूद आहे. पण त्या कायद्यात जनुकीय माहितीला वेगळा, जास्त कडक वर्ग नाही. पुसलं की नाही हे घरबसल्या तपासण्याचीही सोय नाही.

लग्नाबद्दल. हिंदू विवाह कायद्याचं कलम ५ मानसिक विकार 'असलेल्या' माणसाबद्दल बोलतं. जोखीम म्हणजे विकार नव्हे, असं माझं वाचन आहे. कोर्टात हे मांडता येईल, पण स्थळ मोडायला कोर्ट लागत नाही. म्हणून कागद कमी करा. अहवाल लॅबकडून थेट डॉक्टरांच्या हाती, घरी एक प्रत, फोटो काढून कुठल्याही गटावर नाही, मावशीलाही नाही. शाळेला जनुकीय अहवाल देऊच नका. ऑटिझम, अध्ययन अक्षमता किंवा मानसिक आजाराचा दिव्यांगत्वाचा दाखला मुलाच्या मूल्यमापनावर मिळतो, त्यासाठी जनुकीय अहवाल लागत नाही. शाळेने मागितला तर लेखी मागा म्हणावं, बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

मनपाखरू

मानसोपचाराच्या बाजूने तीन मुद्दे, त्यांतला पहिला लांबेल.

२२क्यू११.२ डिलिशन, म्हणजे बावीसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला. सुमारे चार हजार जन्मांत एक (काही मोजण्यांत दोन हजारांत एक). जन्मतः हृदयाचा दोष, टाळूचा दोष, नाकातून बोलणं, रक्तात कॅल्शियम कमी. लहानपणी एडीएचडी आणि चिंता, आणि मोठेपणी साधारण चारात एकाला स्किझोफ्रेनियाच्या गटातला आजार. म्हणजे मनोविकाराची खरीखुरी मोठी जोखीम सांगणारी ही चाचणी आहे, आणि तीही हृदयासाठी म्हणून वयाच्या दुसऱ्या वर्षी झालेली असते. आता आईबापांना काय सांगायचं?

काही डॉक्टर हृदयाचं सांगतात आणि मनाचं गाळतात, 'आत्ताच कशाला घाबरवा' म्हणून. मग ते लोक रात्री इंटरनेटवर एकटे वाचतात. माझ्या मते पहिल्या भेटीत एवढं तरी सांगावं की वाढीच्या वयात वागण्यात आणि भावनांत अडचणी येऊ शकतात, आपण दर वर्षी बघत राहू. 'चारात एक' हा आकडा शाळेच्या वयात, विचारतील तेव्हा, आणि 'चारात तिघांना होत नाही' हे त्याच वाक्यात. नव्वद टक्के मुलांत हा बदल नव्याने झालेला असतो, कुणाच्याच घराण्यातून आलेला नसतो. हे मात्र पहिल्या दिवशीच सांगायचं, तिथे कुरकुर नको. दोघांची नेमकी चाचणी करून खात्रीही करता येते.

पुढे करायचं काय, तेही ठरलेलं असावं. दर वर्षी कॅल्शियम (चिंता वाढली, फिट आली तर आधी तेच बघा), थायरॉइड, शाळेतली प्रगती. दहा-अकरा वर्षांपासून एकटं पडणं, संशय, कानात आवाज, गुणांची अचानक घसरण यांवर नजर. आणि नजर म्हणजे पाळत नव्हे. प्रत्येक रुसव्याला 'सुरू झालं वाटतं' म्हणणारं घर मुलाला आजाराइतकंच जड जातं.

दुसरा मुद्दा मुलाच्या होकाराचा. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं संशोधनासाठी ७ ते १२ वयात तोंडी आणि १२ ते १८ वयात लेखी सहमती मागतात, पालकांच्या सहीशिवाय वेगळी. दवाखान्यातही तोच पायंडा धरावा. विचारताना पालकांना पाच मिनिटं बाहेर बसवा. मुलगा 'नको' म्हणाला आणि चाचणी तातडीची नसेल तर थांबा. हंटिंग्टनसारखा मोठेपणीचा, उपाय नसलेला आजार असेल तर लक्षणं नसलेल्या मुलाची चाचणी १८ च्या आत करायचीच नाही, आईबापांनी कितीही गळ घातली तरी. तो निर्णय मोठा झाल्यावर त्याचा त्याने घ्यायचा असतो.

तिसरा, 'कोणतं औषध लागू पडेल' सांगणारी पाकिटं. अमेरिकेतल्या बाल-किशोर मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मुलांचं औषध निवडायला अशी एकत्रित पॅनेल वापरू नका असं सांगितलं आहे. त्यांतलं एमटीएचएफआर हे जनुक तर निव्वळ भरती. पण सगळंच टाकाऊ नाही. कार्बामाझेपिन हे फिट्सचं औषध सुरू करण्याआधी एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार बघण्यात अर्थ आहे, कारण तो प्रकार असलेल्यांत कातडी सोलून निघणारी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते आणि आशियाई लोकांत तो तुलनेने जास्त आढळतो. ॲटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्या औषधाच्या मात्रेसाठी सीवायपी२डी६ हे जनुक कधीकधी कामाला येतं.

जाता जाता, बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी डीएमआयटी शाळाशाळांत चालते. तिचा जनुकांशी काडीचा संबंध नाही.

तांबडी माती

म्हणजे सोळा वर्षांची मुलगी, आईला स्किझोफ्रेनिया, तीच म्हणते मला माझा स्कोअर बघायचाय. तिलाही नाही म्हणायचं? हा तर तिचाच हक्क झाला की.

गुणसूत्र

हक्काबद्दल वाद नाही. पण ती जे विचारते आहे त्याचं उत्तर त्या चाचणीत नाही. आईच्या आजारावरून शंभरात दहा हे आधीच माहीत आहे, स्कोअर त्यात फारशी भर घालत नाही. आणि हिरवा आला तर ती निर्धास्त होईल, ते जास्त वाईट.

मनपाखरू

मी इथे थोडी वेगळी. सरळ 'नाही' म्हटलं तर अठराव्या वाढदिवसाला ती स्वतःच नळी मागवेल. तिला बसवून विचारावं की लाल आला तर तू काय बदलशील आणि हिरवा आला तर काय. बहुतेकदा स्कोअरमागे दुसराच प्रश्न निघतो: मी आईसारखी होणार का, मला लग्न करता येईल का, आत्ता झोप लागत नाही ते त्याचंच लक्षण का. शेवटच्या प्रश्नाला तर आजच तपासणी हवी, जनुकीय नव्हे, समोर बसून बोलण्याची. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयाची बाह्यरुग्ण सेवा आहे. तिथपर्यंत जायचा धीर होत नसेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६.

गुणसूत्र

हे मान्य. तरी तिने नंतर मागवलाच तर मी तो वाचून दाखवीन, मागवून देणार नाही.

जांभळं टोपण

लॅबच्या बाजूने, कारण निम्म्या तक्रारी नमुन्याच्याच असतात.

मायक्रोॲरे, एक्झोम, फ्रॅजाइल एक्स, तिन्हींना ईडीटीएची जांभळ्या टोपणाची नळी, २ ते ४ मिलिलिटर. भरल्यावर आठ-दहा वेळा हळू उलटसुलट करायची, हलवून फेस करायचा नाही. गुठळी झाली की नमुना बाद. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर चार-पाच दिवस सहज टिकतो, फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाची पिशवी नळीला चिकटवू नका, मध्ये कागद किंवा कापूस. कॅरिओटाइप (जिवंत पेशी वाढवून गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) सांगितला असेल तर हिरव्या टोपणाची हेपॅरिन नळी, तिला बर्फ नको, पेशी जिवंत पोचायला हव्यात, एक-दोन दिवसांत. पावसाळ्यात आंबा घाट किंवा करूळ घाट बंद झाला, रेल्वे अडकली, की हिरवी नळी वाया जाते. त्यामुळे जून ते सप्टेंबर कॅरिओटाइपसाठी मूल मुंबई-कोल्हापूरला नेऊनच रक्त द्या. जांभळी नळी सोमवार-मंगळवारी पाठवा. शनिवारची रविवारी कुठेतरी गोदामात तापत पडते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा, थांबावं लागतं.

आई-बाबा-मूल अशा तीन नळ्या मागितल्या असतील तर दोन गोष्टी बाहेर पडू शकतात: वडील जैविक वडील आहेत की नाही, आणि आईवडील एकमेकांच्या किती जवळच्या नात्यातले आहेत. दुसरी मायक्रोॲरेत मुलाच्या एकट्या नमुन्यातूनही दिसू शकते. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत त्याचं आश्चर्य नसतं, पण कधीकधी दिसतं ते कुणालाच अपेक्षित नसतं. असं काही निघालं तर लॅबने कुणाला कळवायचं, हे समुपदेशकाने रक्त घेण्याआधी ठरवून घ्यावं. आईला एकटीला आधी विचारावं, सगळ्यांसमोर नाही.

खाडीकाठ

अहवालात 'अनिश्चित अर्थाचा बदल' असं आलं तर? एका घरात त्यावरून धाकट्याचीही चाचणी करायचं चाललंय.

गुणसूत्र

करू नका. अनिश्चित म्हणजे निदान नव्हे. त्यावरून औषध बदलायचं नाही, धाकट्याला तपासायचं नाही, पुढच्या गरोदरपणात त्यावर निर्णय घ्यायचा नाही. उपयोगी पडली तर आई-बाबांची चाचणी: तोच बदल धडधाकट बापात सापडला तर संशय बहुधा कमी होतो, दोघांतही नसला तर वाढतो. असे बदल नंतर वर्ग बदलतात तेव्हा बहुसंख्य निरुपद्रवी ठरतात. दीड-दोन वर्षांनी लॅबला फेरतपासणी मागा, आणि कच्च्या डेटाची फाइल आत्ताच मागून ठेवा. लॅब बदलली की ती मिळवायला त्रास होतो.

जांभळं टोपण

आणि एक्झोमच्या संमतीपत्रावर 'इतर निष्कर्ष कळवावेत का' असा रकाना असतो, स्तनाचा कर्करोग, हृदयाचे काही आजार वगैरेंसाठी. तो डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कोरा सोडू नका. कोरा राहिला की लॅबचा फोन येतो, आणि फोन घरात जो उचलेल त्याला.